दुसऱ्याच्या हातचें औषध

माझें नांव तुळजा. आमचे लोक फार पूर्वीं राजांबरोबर तंजावरास आले ते इकडेच राहिले, बाबा तिरुभुवनमच्या रेशीम सोसायटींत साड्या तपासायचे, आणि मी फार्मसी शिकून कुंभकोणमच्या ह्या हॉस्पिटलांत लागलें. बाहेर सगळें तमिळ, घरांत ही मराठी, तुम्हां पुण्याच्या लोकांस ती जुनी वाटेल, वाटूं द्या.

काय सांगूं तुम्हांस, कॅन्सरचें औषध मिसळणें म्हणजे रोज भिणें. हातमोज्यांवर हातमोजे चढवून कांचेच्या कॅबिनेटांत हात घालायचे, थेंब बाहेर पडला तर आपल्यास बाधतो, माप चुकलें तर रोग्याला. पण ती भीति माझ्या ओळखीची होती, माझ्याच हातांतली. मग कॅबिनेट जुनें झालें, आंतला पंखा कण्हायला लागला, डॉक्टर म्हणाले तुळजाम्मा, हें बंद पडलें तर काय करायचें, तिरुच्चीच्या एका सेंटरशीं करार करूं, अडीनडीला ते मिसळून पाठवतील. मी म्हटलें करा, पण मला शंका आली तर औषध परत पाठवायचा अधिकार माझा, तसें लिहून घ्या. घेतलें. मी जाऊन त्यांची खोलीही पाहिली. तिथला फार्मासिस्ट सेल्वम, माझ्याहून लहान, फार बोलेना. सगळें स्वच्छ होतें हो, तरी परत येतांना बसमध्यें एकच विचार. ज्याला काम करतांना मी रोज पाहत नाहीं, त्याच्या हातचें औषध कुणाच्या शिरेंत कसें सोडूं देऊं?

आणि कॅबिनेट बंद पडलेंच. त्या दिवशीं वळ्ळी येणार होती, दारासुरमची, रेशीम विणणारी, दोन लेंकरांची आई. मागच्या खेपेला घरीं जाऊन इतकी ओकली होती कीं ह्या खेपेला तिच्या नवऱ्यानें कसेंबसें समजावून आणलें. तिरुच्चीहून औषध निघालें, वाटेंत गाडी बिघडली, उन्हांत उभी राहिली. पेटी आली, उघडतें तर बर्फाचें पाणी झालेलें, उष्णता दाखवणारी पट्टी लाल, औषधाची पिशवी कोमट. दिसायला निवळ हो, अगदीं निवळ. तेंच भय, बघून कांहीं कळत नाहीं.

डॉक्टर म्हणाले, उद्यां बोलवा. तोंवर येऊन बसलेली वळ्ळी उठली, म्हणाली अक्का, आज मन घट्ट करून आलें आहें, परत गेलें तर पुन्हां येणार नाहीं. ती उगाच बोलणारी नव्हे, मला ठाऊक होतें. एकदां मनांत आलेंही, थोडेंच कोमट आहे, सोडावें. मग सेल्वमला फोन लावला, चांगला झाडणार होतें त्याला. पट्टी लाल आहे म्हटलें तसा तो म्हणाला अम्मा, तें देऊं नका, मी पुन्हां मिसळतों आणि मीच घेऊन येतों, तिला बसवून ठेवा.

बसवून ठेवली. रसमभात आणला, खाईना. मी तिचा हात धरून बसलें, ती विचारी तो येईल ना अक्का, मी म्हणें येईल गे, येईल, आणि मला तरी काय माहीत! ऊन कलतांना तो आला, वाटभर पेटी मांडीवर धरलेली, शर्ट भिजलेला. पिशवी थंडगार. तिच्यावरचें नांव मी वाचलें, त्यानें वाचलें, वळ्ळीनेंही वाचलें. थेंब सुरू झाला तेव्हां तो दाराशीं उभा होता, ओंठ सुकलेले, माझ्याएवढाच भ्यालेला. तें पाहिलें तेव्हां कुठें मला त्याचा भरंवसा आला.

वळ्ळीचे सगळे डोस पुरे झाले, आतां तपासणीला येते, दर खेपेला मीच तिच्यापेक्षां जास्त घाबरतें. कॅबिनेट नवें आलें, करार तसाच ठेवला आहे. अजूनही कधीं तिरुच्चीची पेटी येते, झांकण काढतांना छाती धडधडते, आतां ह्या वयांत ती काय थांबणार. तुमच्या घरीं कुणास ह्या औषधाची गरज न पडो बाबा. पडलीच, तर मिसळणारा भिऊन मिसळणारा मिळो.