मागच्या दारानं जाते, ताई

मंडळी, एक विचारतो. पदर पसरताना माणसानं खरं दाखवावं, की चांगलं दाखवावं? हां! 'झाकली मूठ सव्वा लाखाची' — पुटपुटलं कुणीतरी. खरंय, आजोबा! पण मागायला गेलं की मूठ उघडावीच लागते. तिथं काय करायचं? ऐका.

बार्शीकडे कुसुमताई गवंडे म्हणून एक बाई. नवऱ्याचं मोटार-वायंडिंगचं दुकान. तो गेला, बाईनं दुकान मोडलं नाही. शाळा सुटलेली पोरं-पोरी गोळा केली आणि पत्र्याच्या शेडमध्ये जळलेल्या मोटारी भरायला, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळायला, शिकवू लागली. फुकट! म्हणजे पोरांना फुकट — शेडचा मालक काही संत नव्हता! तो म्हणाला, "ताई, भाडं जमत नसेल तर दिवाळीनंतर शेड रिकामी करा." शेड गेली की वर्ग गेला. पोरं पुन्हा नाक्यावर!

मग ताईंनी एका कंपनीच्या फाउंडेशनकडे अनुदानासाठी अर्ज केला. अहो, त्यापेक्षा देव बरा! त्याला नुसतं नाव घेतलं तरी चालतं. इथं नोंदणी दाखवा, ऑडिट जोडा, 'समाजावर काय परिणाम झाला' ते लिहा! बाईनं सगळं केलं. आणि निरोप आला — फाउंडेशनच्या मॅडम पाहणीला येताहेत!

ताईंच्या संस्थेचे अध्यक्ष अण्णा. पाहुणा म्हटला की यांची शाल, श्रीफळ, फेटा तयार! म्हणाले, "ताई, आपल्या पोरांचे हात व्हार्निशनं काळे. बरं दिसतं का ते? आज त्यांना सुट्टी द्या. मी शेजारच्या शाळेतली टापटीप पोरं आणतो."

ताई 'नाही' म्हणायला गेल्या. पण शेड डोळ्यांपुढं आली... आणि मान हलली.

झालं! स्वागतगीत झालं, हार झाले. मॅडमनी पुढच्या पोराला विचारलं, "बाळा, इथं काय शिकतोस?" पोर निर्मळ! म्हणालं, "काही नाही. आम्हाला गाणं म्हणायला आणलंय."

अण्णा घाईनं हसले — "लाजतोय हो!" मॅडमनी ताईंकडे पाहिलं. ताई 'हो' म्हणणार, तेवढ्यात दारात रेश्मा! ताईंचीच विद्यार्थिनी. गिरणीची मोटार अर्धवट राहिली होती, लोकांची दळणं खोळंबली होती, म्हणून आली बिचारी. पाहुणे दिसताच तिनं हात ओढणीत लपवले.

"चुकलं, ताई. मागच्या दारानं जाते. कुणाला दिसणार नाही."

मंडळी, रागावली असती तर सोसलं असतं हो! ताईंना रडू फुटलं. त्यांनी तो काळा हात ओढणीतून बाहेर काढला, आपल्या हातात धरला. "मॅडम, ही माझी पोरगी. बाकीची मी घरी बसवलीत. मला त्यांची लाज वाटली."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पण पैसे यांच्यासाठीच मागितलेत ना?" नारळ बाजूला ठेवला, स्टूल ओढलं. "बस गं. दाखव, मोटार कशी भरतेस."

अनुदान मिळालं का? — तुमचा जीव तिथंच अडकलाय! मिळालं, बाबांनो. शेड राहिली. पण ताई अजून म्हणतात, "ते मिळालं नसतं तर दुसरीकडे अर्ज केला असता. रेश्मा मागच्या दारानं गेली असती, तर तिला परत कुठून आणली असती?"

आता इकडं बघा. पुढं गाद्या, गाद्यांवर सत्काराची मंडळी. माझ्याही गळ्यात हार! आणि सकाळपासून मांडव घालणारी पोरं कुठायत? ती काय, कनातीमागं उभी! कपडे मळलेत म्हणून ना?

या रे, पुढं या. सरका मंडळी, जागा करा. ती बसली की मग देवाचं नाव घेऊ.