मीठ वाढायला वेगळा माणूस कशाला?

...आणि तेही दुपारी, जेवून जरा डोळा लागतो न लागतो तोच! तुम्हाला सांगतो, माझी नात ओवी कंपनीचं काम घरूनच करते, ती खुर्ची ओढून समोर बसते आणि म्हणते, "आजोबा, तुम्ही नुसतं ऐका. सांगता सांगता मलाच सुचतं." ऐकतो बापडा. पण मी चौथी शिकलेला वाढपी, जन्म गेला लग्नाच्या पंगती वाढण्यात... मला यातलं काय कळतं?

तर तिनं विंचूरकडच्या कांदेवाल्यांसाठी ॲप केलंय. भाव दाखवायला एक भाग, पावतीला एक, फोटोला एक, निरोपाला एक... असे सहा, आणि प्रत्येकाला वेगळं भाड्याचं मशीन! पळायचं नुसतं वाऱ्यासारखं. पण तिच्या कंपनीचे पुण्याचे साहेब, आल्हाद सर, फोनवर कडाडले, "ओवी, एवढं भाडं कोण भरणार? तुझे आजोबा?" अहो, मला कशाला मध्ये ओढता? मग पोरीनं सगळं एकाच मशीनवर कोंबलं. स्वस्त झालं, पण असं रांगायला लागलं की कांदा विकून माणूस घरी जेवायला बसला तरी मोबाईलवर भाव उमटेना! सर म्हणाले, "शुक्रवारपर्यंत जमव, नाहीतर पुण्यालाच राहायला ये." पुण्याला! घरात आम्ही दोघंच हो... पण मला यातलं काय कळतं?

गुरुवारी तिचे डोळे भरलेले बघितले आणि हळूच म्हटलं, "बाळा, मीठ वाढायला वेगळा माणूस कशाला ठेवलास?"

"काय?"

"अगं, मीठ, लिंबू, चटणी पानात एकदाच पडतं. ते आम्ही एकाच वाढप्याच्या हातात द्यायचो. पोळी मात्र सारखी मागतात, तिथं दोघं. ओझरला एका यजमानानं पोळीचा माणूस कमी केला, तर सगळं वऱ्हाड पानावर रुसून बसलं! तुझ्याकडे सारखं काय मागतात?"

"भाव!" म्हणाली आणि मिठीच मारली पोरीनं. भावाला दोन मशीनं, बाकी पाच जणांना मिळून एक.

शुक्रवारी सर खूश! "भाडं निम्मं, आणि भाव झटक्यात! सुचलं कसं गं?" आमच्या बाईसाहेबांनी सगळी पंगत सांगितली. तिकडे जरा हसाहशी झाली... मग सर म्हणतात, "ओवी, तू राहा नाशकातच. आजोबांना तेवढं आठ दिवस इकडे पाठव, आमच्या पोरांना पंगत शिकवायला."

राहिली हो ओवी घरी... मी निघालोय. सकाळी सातला द्वारका चौकातून पुण्याची गाडी आहे.