बांधावरचा लाल झेंडा

मी, वय ४९, धंदा बर्फ फोडून मासेमारी बोटींना पुरवणे, राहणार बर्फाच्या कारखान्यामागच्या खोल्या. बंदरात मला सगळे बर्फवाली म्हणतात. आज ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझा धाकटा भाऊ व भावजय असे तिघे राहत होतो. भावाची स्वतःची बोट होती. तिच्यावर तो व एक खलाशी असे दोघे जात. बंदरात भावाला एक्सप्रेस म्हणत, कारण तो कुठेच वेळेवर पोचत नसे. स्वतःच्या लग्नाला पाहुणे जेवायला बसल्यावर आला. मी त्याला जन्मभर ‘वरातीमागून घोडं’ म्हणून चिडवले.

काल नवी युद्धनौका बंदरात पहिल्यांदा येणार होती. मोठे जहाज आत येताना बंदराच्या तोंडाशी समुद्रात घातलेल्या बांधाच्या टोकावरच्या खांबावर लाल झेंडा चढवतात. तो वर असेपर्यंत लहान बोटींनी बाहेर थांबायचे, हा नियम भावानेही कधी मोडलेला नाही. जहाज सकाळी नऊला यायचे म्हणून झेंडा नऊला चढला. जहाज आले साडेदहानंतर. माझा भाऊ नऊलाच बांधाबाहेर हजर होता. काल तो वेळेवर आला होता, हे लिहून घ्यावे.

मी धक्क्यावर बर्फ फोडत असताना त्याचा फोन आला. तो म्हणाला, “ताई, तळाची फळी सुटलीय. पंप चालू आहे, पण उपसतोय त्यापेक्षा जास्त आत येतंय. झेंडा कधी उतरणार ते जरा विचार ना.” मी म्हटले, “विचारते कशाला, उतरवायलाच लावते. तू पंप सोडू नकोस.”

मी बंदर कार्यालयात गेले. मोठे साहेब स्वागताला गेले होते. कारकून म्हणाला, “बाई, आज नको हो. आज सगळ्यांचं लक्ष तिकडे आहे.” मी म्हटले, “लक्ष आहे म्हणूनच आले. माणसं बुडतायत.” त्याने हात वर केले. साहेबांना फोन लाव म्हटले तर म्हणाला, समारंभात फोन बंद ठेवायला सांगितलेत. मी त्याला जे बोलले ते जबाबात घेण्यासारखे नाही.

तिथून मी बांधाकडे पळाले. धक्क्यावर बघ्यांची ही गर्दी, बँड, शाळेची मुले, मुलांच्या हातात कागदी झेंडे. त्यातून वाट काढण्यात वेळ गेला. तेवढ्यात जहाज दिसू लागले. करडे, उंच, कुठे खिडकी नाही. मला ते कुलूप घातलेल्या कपाटासारखे दिसले. कठड्याला पांढऱ्या कपड्यांतले नौसैनिक ओळीने उभे होते. कर्ण्यावरचे गृहस्थ सांगत होते की या जहाजाला क्षितिजापलीकडची होडीसुद्धा दिसते. माझ्या भावाची बोट क्षितिजाच्या अलीकडे होती. बोट काठापर्यंत पाण्यात गेली होती आणि खलाशी टपावर उभा राहून शर्ट हलवत होता. मुलांना वाटले, तोही स्वागतच करतोय. त्यांनी आपले झेंडे हलवून त्याला उत्तर दिले. नौसैनिकांपैकी कोणी हलले नाही. सलामीला उभे असताना मान वळवायची नसते, असे मला नंतर सांगण्यात आले.

खांबापाशी झेंडेवाला होता. तो म्हणाला, “बाई, मला दिसतंय सगळं. पण हुकूम आहे. माझी नोकरी जाईल.” मी म्हटले, “मग तोंड फिरव.” त्याने तोंड फिरवले. दोराची गाठ ओली होती, सुटेना. कमरेला बर्फाचा टोचा होता, त्याने मी दोर तोडला. झेंडा खाली आला. दोर सरकारी आहे हे मला माहीत होते. भाऊ माझा होता.

झेंडा उतरलेला पाहून खलाशाने बोट आत घातली. गस्तीची बोट भोंगा वाजवत आडवी आली व तिने त्यांना मागे वळायला लावले. वळताना पोटातले पाणी सगळे एका अंगाला गेले आणि बोट कलंडली. खलाशी पाण्यात फेकला गेला, त्याला गस्तीवाल्यांनी काढले. भाऊ संध्याकाळी सापडला. तो खाली इंजिनाच्या खणात होता. त्याने पंप सोडला नव्हता.

बोट बुडाली तेव्हा बँड चालू होता. तो कोणी बंद केला नाही.

हवालदार मला विचारतात की, झेंडा उतरवला नसता तर बोट बाहेरच राहिली असती ना? राहिली असती. बाहेर बुडाली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर द्या, माझी ना नाही. पण पाणी आधी शिरले व झेंडा नंतर उतरला, हा क्रम बदलू देणार नाही.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात ‘झेंडा उतरल्यामुळे अपघात घडला’ असे वाक्य होते, ते मी माझ्यासमोर खोडायला लावले. त्या जागी काय लिहू, असे त्यांनी विचारले. मी सांगितले ते असे: झेंडा मीच उतरवला. फार उशिरा उतरवला. हे माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिले आहे, म्हणून खाली सही करते.