सिरिलचा आळस

तोल्मिनच्या बसथांब्यावर मिलेनाच्या मागे मासेमारी मंडळाचे दोघे बोलत होते.

"धबधब्याच्या वरच्या पाण्यातले आपले संगमरवरी ट्राउट मासे अस्सल निघाले. साध्या ट्राउटसाठी शोधलेली डीएनए चाचणी यांच्यावरही चालली. साध्या ट्राउटची भेसळ नाही, वैविध्यही शाबूत."

"कसं शक्य आहे? साध्या ट्राउटची पिल्लं आपणच दरवर्षी वर सोडायला द्यायचो."

"सिरिलकडे द्यायचो. बादल्या घेऊन चढायचा त्याला कंटाळा. धबधब्याखालीच ओतायचा. एकदा पिऊन मलाच बोलला."

"आळशी लेकाचा. देव त्याचं भलं करो."

"जिवंत असता तर बिअर पाजली असती."

मिलेना वळली. हातात मेणबत्ती होती.

"त्याच्याच थडग्यावर निघालेय. जन्मभर नवऱ्याला ऐतखाऊ म्हणत आले. तुम्हीही चला, हे त्याला तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून त्याला खरं वाटायचं नाही."