पांढरा कुठे ठेवायचा

छपाईच्या दुकानात बाई प्रश्नपत्रिका घेऊन रांगेत उभ्या होत्या. पुढे एका साहेबांची आणि त्यांच्या हाताखालच्या मुलीची चांगलीच जुंपली होती.

“विहिरींच्या पाण्याच्या चढउताराचा नकाशा सगळा लाल? काल अर्धा निळा होता!”

“काल पांढरा रंग उणे चार मीटरवर होता, साहेब. मी शून्यावर आणला. आता पाणी घटलं की लाल, वाढलं तरच निळा.”

“सगळ्या विहिरींच्या आकड्यांच्या मधोमध होता की!”

“म्हणूनच तीन मीटर आटलेली विहीरही निळी दिसत होती, पाणी वाढल्यासारखी.”

“वरचे लोक भडकतील.”

“भडकू देत.”

“कालचाच छापायला दे.”

“मग त्यावरचं माझं नाव खोडा. आमच्या विहिरीत आई तळाचा गाळ उपसतेय. तिला निळा दाखवू?”

साहेबांनी लाल नकाशाच छपाईला दिला. बाई पुढे सरकल्या.

“पोरी, लाल नकाशाची एक प्रत मलाही दे. वर्गात लावते.”