डावीकडे लिहिणाऱ्यांचा अर्धा मार्क

आई: घंटा कधी वाजवतोस?

बाबा: कसली घंटा?

आई: तासाची. माणसं परदेशात फिरायला येतात, आपण वेळापत्रक घेऊन आलोय. वाच, वाच. मोठ्याने वाच, तेवढीच करमणूक.

वेळापत्रक: तास पहिला, ९.१० ते ९.४५. राजवाड्याचा दरवाजा. नंतर प्रश्नोत्तरे.

बाबा: तर सांगा, दरवाजावर हे एवढाले खिळे कशासाठी?

ताई: बाबा, कबुतराने ह्याच्या बिस्किटावर पाय दिला.

धाकटा: मला तेच बिस्कीट पाहिजे!

आई: कबुतराला विचार रे खिळ्यांचं. वर्गात तेवढं एकच शांत बसलंय.

वेळापत्रक: तास दुसरा. तटबंदीवरून शहराचे दृश्य.

आई: बुडाला. एकशेबारा पायऱ्या आहेत, आणि बाबागाडी वर नेणारा हत्ती राजाबरोबरच गेला.

बाबा: बुडू दे. सगळे बुडाले तरी चालतील, तिसरा नाही. चौदा वर्षं सातवीला हा दरबार शिकवतोय मी, पुस्तकातल्या एवढ्याशा चित्रावरून.

आई: माहितीये. आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा तेच चित्र दाखवलं होतंस. लोक फुलंबिलं आणतात.

ताई: सिंहासन उजवीकडे, हो ना बाबा?

बाबा: शाब्बास! का?

ताई: सकाळचं ऊन राजाच्या तोंडावर पडावं म्हणून.

बाबा: डावीकडे लिहिणाऱ्यांचा अर्धा मार्क कापतो मी.

आई: आणि राजा उशिरा उठला तर?

वेळापत्रक: तास तिसरा. दरबार. तिकीट ११.३० चेच. त्यानंतर मधली सुट्टी.

धाकटा: बाबा, शू.

बाबा: आत्ता? अरे, पुढे दोनच माणसं उरलीत!

आई: चल, मी नेते.

धाकटा: नाही! बाबाच!

बाबा: पाच मिनिटं दम धर रे सोन्या.

आई: सकाळपासून धरलाय त्याने. मधली सुट्टी दरबारानंतर कोणी ठेवली?

धाकटा: बाबाऽऽ!

बाबा: तुम्ही दोघी जा. रांग सोडली की तिकीट फुकट गेलं. चौघांनी कशाला बुडायचं?

आई: अरे, पण मला त्यातलं काय कळतंय? बघू काय तिथे?

बाबा: सगळं.

(दरबाराबाहेरचा बाक. धाकटा ताईच्या जादा चड्डीत.)

आई: पोचला नाहीत वाटतं.

बाबा: दिसतंय ना. ते सोड. कसा होता?

आई: मी आत एक शब्द बोलले नाही.

बाबा: तू? एवढा भव्य?

ताई: बाबा, सिंहासन डावीकडे आहे.

बाबा: तू पाठमोरी उभी असशील गं.

ताई: नाही, दारातूनच पाहिलं. दोनदा. आईलापण विचार.

आई: डावीकडेच आहे, गुरुजी. पुस्तकात चित्र उलटं छापलंय.

बाबा: पण मग ते ऊन...

आई: ऊन तू पाठवलंस. राजाने मागवलं नव्हतं.

बाबा: चौदा वर्षं. किती पोरांचे मार्क कापले असतील मी. एक तर भांडला होता, त्याने कुठल्याशा दुसऱ्या पुस्तकात बघितलं होतं. म्हणाला, सर, तुम्ही गेलाय का तिथे?

आई: मग?

बाबा: वर्गाबाहेर उभा केला.

आई: आज तूही बाहेरच उभा होतास. फिट्टंफाट.

ताई: आई, बाबांना चिडवू नको ना.

वेळापत्रक: तास चौथा. उजळणी.

आई: उजळणी कोण घेणार आता?

बाबा: ताई, इकडे बस माझ्याजवळ. दारातून आत शिरलात. मग?