नातीचं नाव राहिलं

लहानपणी देवळाकडून दशावताराच्या झांजा ऐकू आल्या की मी भरल्या ताटावरून उठायचो. तेच वेड माझ्या नातीत, सुलभात उतरलंय. ती दशावतारातल्या राजा-राक्षसांची चित्रं काढून फोनवरच्या दशावतारवेड्यांच्या ग्रुपवर टाकते. तिथं दर रविवारी प्रत्येकानं दुसऱ्या कुणाचं तरी काम वाखाणायचं असतं. सुलभा सगळ्यांना वाखाणते, पण तिच्याबद्दल कोणी अक्षर लिहीत नव्हतं.

एका रविवारी ती म्हणाली, "आजो, आज माझ्या जागी तू बोल. मग मी ग्रुप सोडते."

मला धड लिहिता येत नाही. देवळात मी सगळ्यांच्या भल्यासाठी देवाला गाऱ्हाणं घालतो आणि माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तसंच फोनमध्ये बोलून ग्रुपवर घातलं. "बा देवा म्हाराजा, सुर्ल्याचो झील मुखवटे करता, तेच्या हाताक यश दी. मोरजेची बाय पदां गाता, तिचो गळो सांभाळ." ग्रुपवरच्या ज्या अकरा जणांचं काम तिनं मला कौतुकानं दाखवलं होतं, ते सगळे मी गाऱ्हाण्यात घेतले.

"आणि माझं नाव?"

"आपल्या घरचां नाव आपण घेव नये गो. दिष्ट लागता."

अख्ख्या पेडण्यात तिच्यासारखा हात नाही, पण ते मी बोललो नाही. ती रुसली.

तेवढ्यात फोनमधून सुर्ला गावच्या त्या मुखवटेवाल्या पोराचा आवाज आला, "व्हय म्हाराजा! आणि आमका सगळ्यांका वाखाणता, त्या सुलभाच्या हाताक पयलो मान दी!"

मागोमाग मोरजेची बाय, मग एकेक करत सगळे, "व्हय म्हाराजा!"

"आता सोडतंस मगे ग्रुप?" मी विचारलं.

सुलभानं डोळे पुसले, रंगांचा डबा उचलला आणि नवं चित्र काढायला आत निघून गेली.